एकोणीसची चौकट

ताईने नळी पुन्हा यंत्रात लावली. नळीवर नाव नव्हतं, नुसता आकडा. पण तो तिला तोंडपाठ होता. तिच्या धाकट्या भावाच्या अस्थिमज्जेचा नमुना. घरच्यांचे नमुने आपण तपासायचे नाहीत, असा प्रयोगशाळेचा नियम. पण सकाळी कुणीच आलेलं नव्हतं, आणि तिला कुठला धीर!

पडद्यावर ठिपके उमटू लागले. एक ठिपका म्हणजे एक पेशी. भावाच्या कर्करोगाच्या पेशींच्या अंगावर सीडी-१९ नावाचं प्रथिन होतं आणि भावाला दिलेलं नवं औषध नेमकं तेच बघून त्या पेशींना मारायचं. सीडी-१९ असलेल्या पेशींसाठी पडद्यावर आखलेल्या चौकटीत ठिपके शून्य. तासाभरापूर्वीही शून्यच होते. तेव्हा तिने तडक घरी फोन लावला होता आणि पलीकडे बोका (भावाला घरात हेच नाव) आनंदाने किंचाळला होता.

विभागप्रमुख मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. नियमाचं काही बोलल्या नाहीत.

“चौकटीबाहेर बघितलंस?”

“नाही.”

“अगं, नवख्यांना तूच शिकवतेस ना? काढ ती चौकट.”

तिने काढली. कोपऱ्यात ठिपक्यांचा दाट पुंजका होता. त्याच कर्करोगाच्या पेशी, बाकीच्या सगळ्या खुणा जशाच्या तशा. फक्त सीडी-१९ नव्हतं.

“जनुकच बिघडलं की प्रथिन अंगावर येत नाही,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “मग औषधाला त्या पेशी दिसतच नाहीत.”

“मलाही नाही दिसल्या.”

तिला रडू येईना. तिने हातमोजे काढले, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. फोनची एवढी मेली कसली घाई होती!

तेवढ्यात बोक्याचाच फोन आला.

“ताई, ऐक ना. दवाखान्याची ती बॅग आईने धुऊन वाळत घातलीय. म्हणते, देऊन टाकू कुणाला तरी. एकदाची ब्याद गेली!”

“देऊ नका.”

“का गं? तुलाच तर ती डोळ्यांसमोर नको असायची.”

“असू दे घरात.”

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

“बरं,” बोका म्हणाला. “आईला आज काही सांगू नकोस हं. बॅग मीच आत आणून ठेवतो.”