चिंतामणीला विचारलेले दोन सवाल

तामलवाडीच्या सिद्रामप्पांचा द्राक्षाच्या छाटणीत हात धरणारं कुणी नव्हतं. रोगट काडी दिसली की कात्री चालायचीच. म्हणून सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या बायकोची, भुवनेश्वरीची, छातीतली गाठ कापायची नाही असं सांगितलं, तेव्हा आपल्या धंद्याचाच अपमान झाल्यासारखं त्यांना वाटलं.

"कॅन्सर मणक्यात न् खुब्यात पोचलाय, आप्पा," बाई म्हणाल्या. "छाती काढली तरी तो तिथं राहणारच. अशा वेळी ऑपरेशननं आयुष्य वाढतं असं सहसा दिसत नाही. गोळ्या सगळ्या अंगात फिरतात, त्या लागू पडल्यात. पुढं गाठीला जखम झाली, रक्त आलं, तर त्रास कमी करायला काढू की."

"म्हंजी काडी दिसतीया, कात्री हाय, आन् कापायचं न्हाय?"

भुवनेश्वरी पदराआड हसली. परतताना एसटीच्या खिडकीला डोकं टेकून तिनं हळूच ओवी धरली:

डाक्टरीण शहाणी गं, कात्री ठेविते पेटीत
घरधनी माझा बाई, कात्री घेऊन मुठीत

पुढच्या सीटवरची बाई वळून हसली. सिद्रामप्पा बाहेर बघत राहिले.

आठवड्याभरात त्यांनी ऑपरेशन करणारा दुसरा दवाखाना शोधला, तारीखही घेतली. भुवनेश्वरीनं डॉक्टरीणबाईंना 'नको' सांगितलं होतं, सुनेला, शिवप्रियाला, सांगितलं होतं. फक्त नवऱ्याला सांगणं होईना. जेवताना तिच्याकडं बघता बघता त्यांचा घास तोंडातच थांबायचा. आपलं 'नको' त्यांना 'मरू द्या' असं ऐकू जाईल, हे तिला कळत होतं.

शेवटी तेच म्हणाले, "आईला विचारू."

तुळजापूरच्या आईच्या देवळात चिंतामणी आहे. गोल, गुळगुळीत दगड. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात सवाल धरायचा. उजवीकडं फिरला तर व्हय, डावीकडं फिरला तर न्हाय.

सिद्रामप्पांनी डोळे मिटले. दगड उजवीकडं फिरला, पाण्यावर पान फिरावं तसा अलगद.

"व्हय म्हणली," त्यांचा चेहरा उजळला. "कापायचं."

"विचारलं काय तुम्ही?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"भुवना आणखी माझ्यासंगं ऱ्हाईल का, आन् त्यापायी ऑपरेशन करू का."

"हे दोन झाले की."

"एकच हाय."

"दोन हायत, आप्पा," रांगेतून एक म्हातारी म्हणाली. तिच्या मागचा म्हणाला, पहिलाच धरायचा. कुणी म्हणालं, शेवटचा. घटकाभर रांग दुभंगली. दगडाशी बसलेले गौरीशंकर पुजारी वैतागून म्हणाले, "एकच सवाल लागतो. पुन्हा बसा, न् लवकर उठा."

सिद्रामप्पा पुन्हा बसले. आता नुसतं ऑपरेशन. तोच भुवनेश्वरी समोर बसली आणि तिनंही दगडावर हात ठेवले. "आजार माझा हाय. हातबी माझा असू द्या."

दोघांनी डोळे मिटले, तिचा एक जरासा कमी मिटला. दगड उजवीकडं कलला, थबकला, आणि बांगड्या किणकिणल्या तसा गर्रकन डावीकडं फिरला. पुजारी समईत तेल किती उरलंय ते बघू लागले. "आईला राग आलाय बहुतेक," म्हातारी म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर सिद्रामप्पा म्हणाले, "तू ढकललास."

"व्हय."

"देवीच्या दारात?"

"तिनं कुठं अडवलं?"

"मला सरळ सांगायचं हुतंस."

"तुम्ही रडला असता."

"आता बी रडतोयच की."

"आता बरं हाय. कुणी विचारलं तर सांगा, डोळ्यात कुंकू गेलं." तिनं पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं. मग म्हणाली, "डावणीचा रोग बागभर पसरल्यावर तुम्ही एक पान तोडून घरी येता व्हय? का फवारता?"

"फवारणीनं डावणी थांबती. जात न्हाय."

"थांबू द्या की. थांबली तरी माल निघतो. गोळ्यांनी मला चार पावलं चालता येतंय, भाकरी थापता येतीया, तुमच्यावर ओव्या रचता येत्यात. हे दिवस ऑपरेशनच्या टाक्यांत नका घालवू माझे."

पायऱ्यांवरून माणसं चढत उतरत होती. पदराचं टोक त्यांनी सोडलं नाही.

"पहिल्या सवालाचं काय मग? तू ऱ्हाशील का, त्याचं?"

"तवा म्या हात लावला नव्हता," ती म्हणाली. "ते तुमचं न् आईचं बोलणं."

सिद्रामप्पांनी नाक पुसलं, मोबाइल काढला आणि त्या दुसऱ्या दवाखान्याला फोन लावला. ऑपरेशनची तारीख रद्द करा म्हणाले.

"कारण काय लिहू, काका?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

त्यांनी बायकोकडं बघितलं. ती मुद्दाम दुसरीकडं बघत होती.

"पेशंट न्हाय म्हणतीया," ते म्हणाले, "आन् लई जोरात म्हणतीया."