उल्कावीराचा दुखवटा

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. बारा फूट लांब, आठ फूट रुंद. माझ्यावर ज्याला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली आहे, तो माणूस कधी जन्मलाच नव्हता. तरीही त्याच्यासाठी तेलगावात एक सकाळ चहा बंद राहिला होता.

पॉलिस्टरची विणलेली जाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा थर, एवढेच माझे शरीर. छपाईच्या यंत्रातून मी बाहेर आलो तेव्हा शाई ओली होती आणि मला छापून घेणाऱ्याचे डोळेही ओले होते. त्याचे नाव तानाजी. चौकात त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. उल्कावीर नावाच्या महानायकाचे वीसेक चित्रपट आणि त्यांना जोडलेल्या मालिका त्याने शाळेत असल्यापासून पाहिल्या होत्या. त्या दिवशी तो अंबाजोगाईहून नवा भाग पाहून आला होता. त्या भागात उल्कावीर पृथ्वीला वाचवताना मरण पावला होता.

माझ्या मध्यभागी लाल चिलखतातला उल्कावीर. खाली हात जोडलेला, काळा चष्मा लावलेला तानाजी. त्याच्या शेजारी त्याचा मित्र शिवशंकर, जो कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतो. आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक शपथ: 'तुझ्याविना पुढचा भाग पाहणार नाही. शोकाकुल: समस्त उल्कावीर मित्रमंडळ, तेलगाव.'

वाऱ्याने फाटू नये म्हणून माझ्या अंगावर अर्धचंद्रासारखे काप दिले आणि मला चौकात बायनाबाईंच्या चहाच्या हॉटेलावर बांधले. सकाळी बायनाबाई आल्या. वर पाहिले. पेटवलेली शेगडी त्यांनी बंद केली आणि थेट तानाजीच्या आईजवळ सांत्वनाला जाऊन बसल्या. पाठोपाठ तानाजी धावत गेला आणि त्यांना परत घेऊन आला.

"लेकरू कुणाचं हाय रं? लगीन झालतं का?"

"मावशे, ते पिच्चरमधलं हाय."

"पिच्चरमधलं?" बायनाबाईंनी पदर कमरेला खोचला. "मंग तुझं तोंड कावून सुतकी? आन् माझ्या सकाळच्या धंद्याचं नुकसान कोण भरून देणार?"

मित्रांनो, पहिले काही दिवस माझे फार कौतुक झाले. माजलगाव, धारूरकडे जाणाऱ्या गाड्या थांबत, पोरे माझ्यासोबत फोटो काढत. मग हळूहळू कुणी वर पाहीनासे झाले. उन्हात पिवळी आणि किरमिजी शाई आधी उडते, निळी मागे राहते. त्यामुळे माझा लाल उल्कावीर निळा पडला. माझा एक कोपरा शेळीने चघळला. पण मी कंटाळलो नाही, कारण माझ्या सावलीत रोज भांडण व्हायचे. उल्कावीराची मालिका पुढे कुठे चालली आहे, यावर.

वर्ष होत आले आणि नवा भाग येणार असे कळले. उल्कावीराच्या प्रयोगशाळेत काम करणारी नभा आता चिलखत घालणार होती.

"गोष्ट संपली की संपवावी," तानाजी म्हणाला. "आधी एक जग दाखवलं. मंग म्हणले, अशी लई जगं हायत. इथं आमची एका गावातली भांडणं मिटंनात, ह्यांनी धा जगं काढली."

"पण नभा भारी हाय बे," शिवशंकर म्हणाला. "त्या तिसऱ्या मालिकेत तिनं..."

"तुला कसं ठावं? आपण शपथ घेतलीय ना?"

"ऐकलंय."

"कुणाकडून?"

शिवशंकरने बशीतला चहा फुर्र करून ओढला. माझ्यावरच्या फोटोत त्याचेही हात जोडलेले होते. मला हसू आले, पण फ्लेक्सला हसता येत नाही, नुसते फडफडता येते.

तानाजीची बहीण राजनंदिनी मात्र उघडपणे बोलायची. ती दहावीत होती. नभाची प्रत्येक झलक तिला पाठ होती.

"दादा, उल्कावीर कसा उडायचा हे त्यांनी कधी सांगितलंच न्हाई. नभा निदान इंधन भरती. वजन मोजती. पहिल्यांदा उडती तवा भिंतीवर आपटती, मंग चूक शोधती. मला ते मोठ्या पडद्यावर बघायचंय."

"शिवा संगं जा."

"आई म्हणती, दादा नेईल तरच जा."

तानाजीने वर माझ्याकडे पाहिले. गावासमोर लिहिलेले होते, फोटोसकट. आठवडाभरच तो चित्रपट अंबाजोगाईत राहणार होता. राजनंदिनी रोज शाळेतून येताना माझ्याखाली थांबायची, ते वाक्य वाचायची आणि घरी जायची. मित्रांनो, तेव्हा मला माझीच अक्षरे जड वाटू लागली. ऊन इतक्या गोष्टी पुसते, पण ती शपथ काळ्या शाईची होती. ती जशीच्या तशी होती.

शेवटचा दिवस उरला तेव्हा बायनाबाईंनी तानाजीला हाक मारली आणि माझ्याकडे बोट दाखवले.

"तान्या, ह्या पोराचा दुखवटा कुणी काढला का?"

आमच्या भागात घरात कुणी गेले, की सोयरे नवी टोपी आणि टॉवेल घेऊन येतात, घरच्यांना गोड घास भरवतात. त्यानंतर त्या घराला पुन्हा सण करायला, हसायला मोकळीक मिळते. त्याला दुखवटा काढणे म्हणतात.

"त्याचा कशाचा दुखवटा, मावशे?"

"कशाचा? वरीस झालं, सुतक धरून बसलाय. त्या पोरीलाबी धरायला लावतूस. सोयरं न्हाईत म्हणून काय झालं? मी त्याची मावशी. वरीसभर त्याच्या सावलीत शेगडी पेटवलीय मी."

त्यांनी पिशवीतून पांढरी टोपी आणि टॉवेल काढला. चौकातली माणसे उठून जवळ आली. तानाजीच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, आणि बशीतला साजूक तुपातला शिरा त्याच्या तोंडात. शिवशंकरने स्वतःचेही तोंड उघडून धरले. त्यालाही घास मिळाला.

"आता हस," बायनाबाई म्हणाल्या. "सण कर, गोड खा, पिच्चर बघ. गेलेला माणूस कुणाला अडवत न्हाई."

तानाजी आधी लाजला, मग टोपी सावरत खरेच हसला. "नंदे, दप्तर ठेव घरी. जीप काढतो." राजनंदिनीने असा आवाज काढला की तारेवरची पाखरे उडाली. जीपमध्ये मागे शिवशंकर चढला, पुढच्या सीटवर बायनाबाई बसल्या. "मावशीला न नेता कसं जाताव?" असे त्या म्हणाल्या.

मी चौकात वाट पाहत राहिलो. संध्याकाळी जीप दिसण्याआधी आरडाओरडा ऐकू आला. तानाजी चालत्या जीपमधूनच ओरडत होता.

"मावशे, टोपी परत घे! जित्ता हाय त्यो! शेवटाला दार उघडून आत आला! दुसऱ्या जगातून!"

"टोपी ठेव," बायनाबाई उतरत म्हणाल्या. "परत मेला तर लागंल."

"पण मंग मी रडलो ते कावून? फसवलं की राव आपल्याला!"

"दादा, तू रडलास तवा खरंच रडलास ना?" राजनंदिनी म्हणाली. "मंग ते खोटं कसं? आन् नभा उडली तवा शिट्टी कोण वाजवत व्हतं?"

 शिट्टी तानाजीनेच वाजवली होती, हे त्याच्या कानांवरून कळत होते. ते लाल झाले होते.

"मरणाची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात," बायनाबाई म्हणाल्या. "ह्याचं लई वाढंल."

"म्हंजी अजून धा-वीस भाग!" शिवशंकर आनंदाने ओरडला. तानाजीने डोके धरले.

जिवंत माणसाची श्रद्धांजली चौकात ठेवू नये म्हणून मला लगेच उतरवले. कुणीतरी म्हणाले, पेटवून टाका. राजनंदिनी आडवी आली. "प्लास्टिक जाळल्यावर विषारी धूर व्हतो. आन् हा चांगला धडधाकट हाय." तिने मला पाण्याने पुसले, सुकवले आणि नीट घडी घातली.

आता मी बायनाबाईंच्या अंगणात राहतो. नवी मालिका आली की मला जमिनीवर अंथरतात, छापील बाजू वर ठेवून. मग तानाजीने आणलेल्या टीव्हीसमोर सगळे दाटीवाटीने बसतात आणि पहिल्या मिनिटापासून भांडायला लागतात.

मित्रांनो, माझे एवढेच ऐका. माझ्यासारख्याला जाळू नका, घडी घालून ठेवा, मी बरीच वर्षे उपयोगी पडतो. आणि जे आवडते त्याच्यावर रागवा, रुसा, पोटभर भांडा, पण मोठ्या अक्षरांत शपथ लिहायची घाई करू नका. 'पुढचा भाग पाहणार नाही' ही ओळ माझ्यावर अजून ठळक आहे. तानाजी बरोबर तिच्यावरच मांडी घालून बसतो, आणि पुढचा भाग सुरू झाला की सगळ्यांना गप्प बसायला सांगतो.