चौदा वस्तू

माणसाचं चारित्र्य त्याच्या पिशवीतून कळतं. निदान लोकांची घरं साफ करणाऱ्या माणसाचं तरी कळतंच, यात शंका नाही. शंका असलीच तर एवढीच, की या गोष्टीतल्या वहिनीच्या पिशवीत काय असावं हे तिच्या नणंदेने आणि नवऱ्याने चार दिवस भांडून ठरवलं, आणि तिला फक्त पिशवी उचलून बघायला सांगितलं.

नणंद वीस वर्षं हे काम करत होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती भावाच्या घरी पलंगावर येऊन पडली, तेव्हा तिने आपल्या कामातलं एक घर वहिनीला दिलं. एकच, पण ते जजसाहेबांचं. ते निवृत्त झाले होते, एकटे राहत होते आणि वहिनीबद्दल त्यांनी एकच वाक्य उच्चारलं होतं: "एक दिवस काम बघतो, मग ठरवतो." हे घर टिकलं तर त्याच इमारतीतली आणखी चार मिळणार होती. हे गेलं तर तिला परत त्या लॉन्ड्रीत जावं लागणार होतं, जिथे उभं राहून राहून तिच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या.

"हा टॉर्च कशाला?" नणंदेने पलंगावरूनच पिशवी उलटी केली.

"कोपरे नीट दिसायला," नवरा म्हणाला. तो कारकून होता. त्याने यादी टाईप करून आणली होती.

"आणि शिट्टी?"

"ताई, परक्याचं घर आहे. वेळ सांगून येते का?"

"अरे, ती फरशी पुसायला चाललीय, डोंगर चढायला नाही. काढ ते सगळं."

असं काढत काढत चौदा वस्तू उरल्या. चार फडकी: लाल संडासाचं, हिरवं ओट्याचं, निळं काचेचं, पिवळं धुळीचं. ("लाल ओट्याला लागलं तर तू माझी वहिनी नाहीस," इति नणंद.) फवाऱ्याच्या दोन बाटल्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत व्हिनेगर. सोड्याचा डबा, घासणी, काच निपटायचं रबर, चिकटलेलं खरवडायला प्लास्टिकची पट्टी, कचऱ्याच्या पिशव्यांची गुंडाळी, हातमोजे, घरात घालायच्या सपाता. हातमोजे एक धरायचे की दोन, यावर बहीणभावांची अर्धा तास जुंपली. चौदावी वस्तू म्हणजे फटी घासायला नवऱ्याचा जुना निळा टूथब्रश. विचार करताना ब्रशचं टोक चावायची त्याला सवय होती, त्यामुळे ते कुत्र्याच्या हाडकासारखं दिसायचं.

"निघताना प्रत्येक वस्तूला हात लावून मोजायचं," नणंद म्हणाली. "चौदा आत, चौदा बाहेर. वस्तू कमी भरली तर वेंधळी म्हणतात. जास्त भरली तर काय म्हणतात, ते तुला सांगायला नको. आणि जेवण झालं की साहेब लगेच दात घासतात, त्यांना बेसिन कोरडं लागतं. साडेबाराला येतात, जेवायला बसतात. तू बाराला बाहेर."

मंगळवारी सकाळी तिने जजसाहेबांचं दार किल्लीने उघडलं. घर इतकं शांत होतं की सपातांचाही आवाज गुन्हा वाटत होता. कपाटावर काचेच्या सात बरण्या एका रेषेत उभ्या होत्या. पुसताना एक किणकिणली आणि ती दोन मिनिटं श्वास रोखून तशीच उभी राहिली, जणू कुणीतरी "शांतता!" म्हणून ओरडणार होतं. बाथरूममध्ये तिने कमोडच्या सीटच्या बिजागऱ्या ब्रशने घासल्या, मग आरसा घेतला. एका हातात फवारा, दुसऱ्या हातात रबर, म्हणून ब्रश क्षणभर बेसिनवरच्या ग्लासात ठेवला. बाराला पाच कमी असताना तिने प्रत्येक वस्तूला हात लावला. चौदा. पुन्हा मोजल्या. चौदाच. घरी येताना रस्त्यात ती चक्क गुणगुणली.

नणंदेचा आणखी एक नियम होता: घरी आल्याबरोबर सगळं सामान गरम पाण्यात धुवायचं. बाकी सगळं धुऊन पावणेएकला ती मोरीत शेवटी ब्रश धूत होती. पाण्याखाली धरला आणि उलटा केला.

ब्रशचं टोक गुळगुळीत होतं.

"अहो," तिने हाक मारली. "अहो, इकडे या ना."

तब्येतीचं कारण सांगून घरी राहिलेला नवरा आला. त्याने ब्रश बघितला. "हा माझा नाही."

"तेच तर."

"मग माझा कुठंय?"

तिच्या डोळ्यांसमोर बेसिनवरचा ग्लास आला, त्यातले दोन निळे ब्रश आले आणि त्यामागे कमोडच्या बिजागऱ्या आल्या.

"काय झालं गं?" पलंगावरून नणंद ओरडली. तिला सांगितलं. पलंग करकरला. मग, "फोन कर त्यांना. नको, करू नकोस! काय सांगणार? की साहेब, तोंड धुऊ नका?"

"कायद्याने बघितलं," नवरा म्हणाला, "तर मालकाची वस्तू आपल्या घरात आहे. याला चोरी म्हणतात. आणि तिकडे जे ठेवलंय, त्याला कदाचित विषप्रयोग."

"तू गप्प बस रे! कारकुंड्या!" नणंद म्हणाली. "वहिनी, पळ. ते जेवायला बसले असतील. सावकाश जेवतात. पळ!"

पिशवी खांद्याला, ब्रश मुठीत. वीस मिनिटांचा रस्ता तिने बारा मिनिटांत कापला. वाटेत म्हातारे न्यायाधीश बेसिनपाशी कोसळताना तिला तीनदा दिसले. तिसऱ्या वेळी पोलीसही होते, आणि त्यांच्यातल्या एकाच्या हातात चावलेलं टोक होतं.

किल्ली होती, पण मालक आत असताना किल्ली लावायची कशी? तिने घंटी वाजवली. आत खुर्ची सरकली. पावलं आली, सावकाश, मोजून टाकल्यासारखी.

"बोला," जजसाहेब म्हणाले. गळ्यात नॅपकिन होता. जेवण झालं होतं की व्हायचं होतं, काही कळेना.

"एक वस्तू राहिली माझी. बाथरूममध्ये."

"कोणती?"

"फडकं."

"कोणत्या रंगाचं?"

"लाल."

त्यांनी तिच्या पिशवीकडे बघितलं. वरच लाल फडकं डोकावत होतं. मग ते तिच्याकडे बघत राहिले. वकील गप्प बसल्यावर वाट बघायची त्यांना सवय असावी.

"साहेब, खोटं बोलले," ती म्हणाली आणि मग थांबताच येईना. "ग्लासातला ब्रश बदललाय. तुमचा माझ्याकडे आला. हा बघा. तिथे आहे तो संडासाचा आहे. चुकून झालं, मी मोजल्या होत्या वस्तू, चौदाच भरल्या हो! तुम्ही अजून घासले नाहीत ना? माझं काम गेलं तरी चालेल, पण तुम्ही घासू नका."

जजसाहेबांनी तिच्या हातातला ब्रश घेतला, चष्म्याजवळ नेला आणि दोन्ही बाजूंनी तपासला.

"हा माझा नाही," ते म्हणाले.

"अहो, ग्लासातलाच आहे!"

"ग्लासातलाच आहे. तुमच्या नणंदबाईंचा. चार वर्षांपूर्वी ठेवून गेल्या. दर मंगळवारी ग्लास धुतात आणि परत त्यातच ठेवतात. मला वाटलं, त्यांची काहीतरी पद्धत असेल. दुसऱ्याची वस्तू, न विचारता टाकायची कशी?"

"मग तुमचा?"

"आरशामागच्या कपाटात," जजसाहेब म्हणाले. "विजेवर चालतो. पुढच्या मंगळवारी दहाला या."