कौशल्याबाईंच्या पलंगापुढची चादर

मी एक चादर. फिक्या राखाडी रंगाची, डबल बेडची. विणलं होतं अंथरण्यासाठी, पण माझी पहिली नोकरी दोरीवर लटकण्याची निघाली.

गांधीबागेतल्या ठोक दुकानातून मला दुर्गेशने घेतलं. "फुलं नको भाऊ, साधी दाखवा. कॅमेऱ्यात दिसाची आहे," तो म्हणाला. दुकानदार जरा बघतच राहिला.

गोदामांच्या आणि ट्रकांच्या वस्तीत, वाडीला, त्यांची एकच खोली. ओटा तिथेच, टेबल तिथेच आणि दुर्गेशच्या आईचा, कौशल्याबाईंचा, पलंगही तिथेच. त्यांच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. दोन महिने पलंगावरून हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुर्गेश दिवसभर गोदामात, म्हणून सगळं त्याच्या बायकोवर, रितिकावर. ती इंजिनीअर. आधी सासऱ्यांना लकवा झाला, ते गेले, मग सासूबाई पडल्या. यात तिची नोकरी सुटून सहा वर्षं झाली होती.

आता पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने तिला परीक्षेला बोलावलं होतं. काम घरूनच, परीक्षाही घरूनच, पण अट अशी की खोलीत दुसरं कोणी नको. म्हणून मला पलंगापुढे टांगलं. रितिकाने कॅमेरा चारी बाजूंनी फिरवला. कॅमेऱ्याला मी दिसले, म्हातारी दिसली नाही.

चाळीस मिनिटं बरी गेली. मग कौशल्याबाईंना खोकल्याची उबळ आली. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली, 'खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज', आणि परीक्षा बंद पडली.

"माह्यामुळं गेलं वं," कौशल्याबाई म्हणाल्या.

"तुमच्यामुळे नाही आई. मी लपवलं, ते चुकलं." रितिकाने तिथेच बसून कंपनीला खरं काय ते लिहिलं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. सासूबाई खोलीत असल्या तरी चालतील, मात्र त्यांचा आवाज येता कामा नये. एक संधी, मंगळवारी अकराला.

त्या मंगळवारचं मी कधी विसरणार नाही. पुन्हा उबळ आली तेव्हा कौशल्याबाईंनी माझा काठ ओढला आणि तोंडात कोंबला. त्यांचं अंग गदगदत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दात माझ्यात रुतले होते. रितिका पाठमोरी टाइप करत होती. तिला काहीच कळलं नाही.

परीक्षा संपल्यावर ती मला उतरवायला आली. ओला काठ तिच्या हाताला लागला.  तिने पाण्याचा पेला भरून आणला आणि सासूबाईंच्या पाठीवरून किती तरी वेळ हात फिरवत बसली.

ती परीक्षा पास झाली. मग मुलाखत. आदल्या संध्याकाळी दुर्गेश म्हणाला, "गॅपचं विचारलं तर फ्रीलान्सिंग करून राहिली होती म्हणून सांगून दे. सगळेच सांगतात." मी पुन्हा दोरीवर चढले.

मुलाखत घेणाऱ्या भैरवी मॅडम स्वतः इंजिनीअर होत्या. त्यांनी विचारलं, "गोदामातले ट्रक आपोआप वाटून देणारी प्रणाली कशी बांधाल?" रितिका खुलली. वाडीत राहून तिने ट्रकच तर पाहिले होते! मग मॅडमनी विचारलं, "या सहा वर्षांत काय केलंत?"

"मी फ्रीलान्सिंग..." रितिकाने सुरुवात केली.

"रितिका," माझ्यामागून अगदी हळू हाक आली. "लय वेळ धरून राहिली वं मी. आता नाही होत."

रितिकाने वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, मला पाच मिनिटं द्या. सासूबाईंना बेडपॅन द्यायचा आहे."

तिने कॅमेरा बंद केला. पाचाची आठ मिनिटं झाली. हात धुऊन ती परत बसली, कॅमेरा लावला. मॅडम तिथेच होत्या.

"तुम्ही सहा वर्षांचं विचारलं होतं," रितिका म्हणाली. "फ्रीलान्सिंग नव्हतं. हेच होतं."

मला वाटलं, आता मॅडम हळहळतील. त्या म्हणाल्या, "बरं. मघाच्या तुमच्या उत्तरात एक चूक आहे. शोधा."

रितिका वाकली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग एकदम, "एकच ट्रक दोघांनी एकाच क्षणी मागितला तर तो दोघांनाही मिळेल! पहिल्याने मागताच प्रणालीत त्याला कुलूप लावायला हवं." पुढचा अर्धा तास दोघी त्या कुलपावरच भांडल्या. इतकं मोकळं बोलताना मी रितिकाला पहिल्यांदाच ऐकलं.

नोकरी मिळाली, पण मागितलेल्या पदाच्या एक पायरी खाली. गॅपमुळे, असं पत्रात होतं. रितिका संध्याकाळभर धुसफुसली, भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी तिने होकार कळवला.

आज कामाचा पहिला दिवस. सकाळी दुर्गेश दोरी बांधायला उठला, तर रितिका म्हणाली, "राहू द्या." तिने मला कौशल्याबाईंच्या अंगाखाली नीट अंथरलं. ज्या कामासाठी विणली गेले, ते असं उशिरा का होईना मिळालं. लोकहो, माझ्यासारखीला टांगण्यापेक्षा अंथरा, एवढंच मागणं.

दहाला स्क्रीनवर कंपनीतले बारा चेहरे उगवायचे होते.

"मी दिसीन का वं त्याईले?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"हो आई. दिसाल ना."

"मंग आधी सांगाचं ना! फणी आण. केसं विंचरून दे."