फोनातली नावे

अहमदपूरच्या त्या मंगल कार्यालयात सकाळपासून सनई वाजत होती. लग्न मात्र कुणाचेच नव्हते. मंचावर काचेच्या पेटीत एक बंद पडलेला मोबाइल ठेवून त्याला झेंडूचा हार घातला होता. मागच्या फलकावर ठळक अक्षरे होती : ‘मोबाइलचे दिवस भरले! आता डोळ्यांवर चष्मा, चष्म्यात दुनिया.’ त्याखाली संशोधक म्हणून एकट्या वैजनाथचे नाव.

समीक्षाने तो फलक शांतपणे वाचला आणि मंचाखालच्या यंत्रांच्या टेबलाशी जाऊन बसली.

तंत्रनिकेतनातून दोघे बरोबरच बाहेर पडले होते; समीक्षाचा प्रवेश तिथे राखीव जागेवर झाला होता. नांदेडला भाड्याच्या खोलीत त्यांनी हा चष्मा जुळवला. समोरच्याचा चेहरा ओळखून त्याचे नाव हवेत उमटवायचे, ही सारी रचना समीक्षाची. माणसे गाठायची, गोड बोलायचे, हे काम वैजनाथचे. पुढे त्याने पेटंटचा अर्ज परस्पर आपल्या एकट्याच्या नावाने केला. तिने जाब विचारला तेव्हा तो हसून म्हणाला होता, ‘‘वायरी जोडणाऱ्याचं नाव कुणी लिहितं का, येडे?’’ ते हसू ती विसरली नव्हती. आज लातूरचे व्यापारी हणमंतराव याच मंचावर भांडवल देण्याच्या करारावर सही करणार होते. सही झाली, की चष्मा कायमचा वैजनाथचा होणार होता.

आदल्या दिवशी मात्र चष्म्याने दगा दिला. तो चेहरेच ओळखेना. वैजनाथने नाइलाजाने समीक्षाला फोन केला आणि ती एका शब्दानेही आढेवेढे न घेता आली. दोष लहान होता. तिने तो दूर केला. मग पिशवीतून एक साधा फोन काढला. चष्मा लोकांना दाखवायचा असला, की ती नेहमी हाच फोन जोडत असे. त्यात पाहुण्यांची नावे तिने स्वतः भरलेली असत. पूर्ण आणि आदरार्थी.

‘‘ते डबडं ठेव बाजूला,’’ वैजनाथ म्हणाला. ‘‘माझा फोन जोड. सगळे पाहुणे फोटोसकट हायेत त्याच्यात.’’

‘‘नावं तुझ्या फोनातलीच घेऊ?’’

‘‘मग काय जनगणनेतून घेतीस?’’

वैजनाथला माणसांची नावे फोनात कशी साठवायची सवय आहे, हे तिला ठाऊक होते. नांदेडच्या खोलीत ती नावे वाचून ती कधीकाळी त्याच्याबरोबर पोट धरून हसलीही होती. सावध करायला एक वाक्य पुरले असते. तिने ते गिळले आणि सांगितले तेवढेच काम चोख केले.

‘‘आणि उद्या फोन तुझ्या टेबलावरच असू दे,’’ तो पुढे म्हणाला. ‘‘मोबाइलचे दिवस भरले म्हणायचं नि खिशात मोबाइल दिसायचा, बरं न्हाई वाटत.’’

कार्यक्रम सत्काराने सुरू झाला. वैजनाथ चष्मा लावूनच मंचावर आला होता. हणमंतरावांच्या आग्रहाखातर फेटेवाल्याने त्याला फेटा बांधला, तोही चष्म्याच्या काड्यांवरूनच, कानापर्यंत चांगला आवळून.

‘‘मला जे दिसतं, तेच आता तुम्हाला भिंतीवर दिसल,’’ वैजनाथने जाहीर केले आणि मोठ्या ऐटीत हणमंतरावांकडे वळला.

भिंतीवर हणमंतरावांचा हसरा चेहरा उमटला. त्यावर हिरवी अक्षरे आली : ‘एटीएम म्हातारं.’

आधी कुणाला कळलेच नाही. मग मागून कुणीतरी मोठ्याने वाचले आणि सभागृह खदखदले. वैजनाथने दचकून मान फिरवली. पहिल्या रांगेत कार्यालयाचे मालक शेषेराव होते : ‘फुकट हॉल.’ त्यांच्या शेजारी उदगीरचे दुकानदार संगप्पा : ‘येडं गिऱ्हाईक.’ मान जिकडे वळेल तिकडे नवे नाव उमटत होते.

‘‘हाव का रं?’’ शेषेराव उठून उभे राहिले. ‘‘फुकट हॉल व्हय मी? जावयासारखा सत्कार करून राहिलो तुझा!’’

वैजनाथने चष्मा ओढून पाहिला. काड्या फेट्यात घट्ट अडकल्या होत्या आणि फेट्याचे टोक त्याच्या हाती लागेना. तो धडपडत मंच उतरला आणि टेबलाशी आला.

‘‘बंद कर! समीक्षा, बंद कर ते!’’

तो आता तिच्यासमोर उभा होता. म्हणून भिंतीवर समीक्षाचा चेहरा आला, छतापर्यंत मोठा. तिने वळून पाहिले. आपले नाव काय ठेवले असेल, याची तिला कल्पना नव्हती. फार तर ‘वायरमन’ असेल, असे तिने धरले होते. भिंतीवर एकच शब्द होता : ‘कोटा.’

हसणे थांबले.

त्या क्षणापर्यंत समीक्षाचा हात बटणापाशी होता. त्याची पुरेशी शोभा झाली, आता बंद करावे, असेही तिच्या मनात येऊन गेले होते. तिने हात मागे घेतला.

‘‘गमतीनं ठेवलं होतं गं,’’ तो पुटपुटला.

तिने टेबलावरचा माइक उचलून त्याच्या तोंडाशी धरला. ‘‘हा चष्मा कुणी बनवला, ते सांग.’’

‘‘सांग की रं,’’ मंचावरून हणमंतराव गरजले. ‘‘आता का दातखिळी बसली?’’

‘‘हिनं,’’ वैजनाथ म्हणाला.

‘‘हिला नाव हाय.’’ समीक्षाने माइक तसाच धरून ठेवला.

‘‘समीक्षानं. सगळा समीक्षानं बनवलाय.’’

हणमंतरावांनी पेनाला टोपण लावले, करार उभा फाडला आणि ते मंचावरून उतरू लागले. वैजनाथच्या कपाळावरून घाम चष्म्याच्या काचेवर ओघळला. भिंतीवरचा समीक्षाचा चेहरा पुसट झाला, शब्द मात्र तसाच राहिला.

‘‘आता तरी बंद कर. पाया पडतो.’’

‘‘करते,’’ समीक्षा म्हणाली. ‘‘मागच्या रांगेचं वाचून व्हायचंय अजून.’’

आणि तिने अक्षरे मोठी केली.