‘इज’चा ‘वॉज’ झाला

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. इंडोनेशियातल्या पोनोरोगोजवळच्या डोंगरातल्या एका शाळेच्या कपाटात, फाटक्या नकाशांच्या शेजारी पडून असतो. मला डोळे नाहीत. एक कान आहे आणि एक तोंड आहे, आणि तेवढ्यावरच माझे सगळे आयुष्य गेले. त्यामुळे मी जे सांगेन ते ऐकलेले आहे, पाहिलेले त्यात काहीच नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझा शेवटचा स्क्रू आवळणारी मुलगी सर्दीने बेजार होती. तिने माझे लाल बटण दाबून “एक, दोन, तीन” म्हटले आणि जोरात शिंकली. तेच मी तिला परत ऐकवले, शिंकेसकट. ती खूप हसली. जे ऐकले ते जसेच्या तसे परत द्यायचे, त्यात आपल्या पदरचे काही घालायचे नाही, हा माझा धर्म आहे हे मला त्या दिवशी कळले.

मला या शाळेत आणले इंग्रजी शिकवणाऱ्या हार्तातिक बाईंनी. मुले त्यांना ‘बू गुरू’ म्हणत. बसच्या टपावर मला ठेवायला त्यांनी नकार दिला आणि चार तास मांडीवर घेऊन आल्या. इतका मान मला पुढे कधी मिळाला नाही.

वर्गात माझे काम एकच असे. माझ्या पोटातल्या कॅसेटमधली मडम म्हणायची, “आय ॲम टायर्ड.” बू गुरू खट्कन बटण दाबून मला गप्प करत आणि विचारत, “काय म्हणाली ती?”

“शी सेड दॅट शी इज टायर्ड!” सगळा वर्ग ओरडे.

“इज?”

“वॉज! वॉज!”

मित्रांनो, त्या मुलांना हसू नका. तुमच्या मराठीत क्रियापदाला निदान शेपूट तरी असते. गेला, जातो, जाईल. आमच्याकडे काल जेवलेला, आज जेवणारा आणि उद्या जेवायला बसणारा, तिघांना एकच शब्द पुरतो. वेळ सांगायचीच असेल तर बाजूला ‘काल’ किंवा ‘उद्या’ ठेवून द्यायचा, क्रियापद बिचारे जागचे हलत नाही. अशा मुलांना एका माणसाचे बोलणे दुसऱ्याने सांगितले की काळ एक पायरी मागे जातो, हे पटायचे कसे? सुगेंग नावाचा एक वात्रट मुलगा होता. तो एकदा म्हणाला, “बू गुरू, ती मडम अजून दमलेलीच आहे की! आत्ता तर म्हणाली. एवढ्यात झोप काढून आली का?”

वर्ग खो-खो हसला. बू गुरूही हसल्या. म्हणाल्या, “तिची काळजी तू करू नकोस, सुगेंग. तू नियम लाव.”

आणि नियम पाठ झाले. ‘इज’चा ‘वॉज’. ‘कॅन’चा ‘कुड’. ‘नाऊ’चा ‘देन’. ‘टुडे’चा ‘दॅट डे’. मुले ते पाढ्यांसारखे म्हणत आणि शिक्षण खात्याचे साहेब आले तेव्हा तोंडावर हात ठेवून ऐकत राहिले म्हणे. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थापही मारली. मी फुगून गेलो होतो. हे सगळे आपल्यामुळेच, असे मला वाटे.

या वर्गात सगळ्यांत आधी ‘वॉज’ म्हणणारा आवाज असे रुस्मीचा. पंधरा वर्षांची मुलगी. बाप लहानपणीच वारलेला, घरी आजी, म्हणजे ‘म्बाह’, आणि तिच्या शेळ्या. आई पोनियेम, जिला ती ‘माक’ म्हणे, दोन वर्षांपासून सिंगापुरात एका घरी कामाला होती. पोनियेमला लिहिता येत नव्हते, म्हणून ती गावी परतणाऱ्या बायकांच्या पिशवीतून कॅसेट पाठवायची. तिथल्या म्हाताऱ्या मालकाच्या खोलीत माझाच कुणी भाऊबंद होता, त्याच्यावर ती गुपचूप बोलायची. रुस्मीच्या घरी वीज नव्हती, मग ती कॅसेट घेऊन शाळा सुटल्यावर माझ्याकडे येई. बू गुरू वह्या तपासत बसत आणि आम्ही दोघे ऐकत बसू. खरे तर ती ऐके आणि मी बोले, पण आवाज पोनियेमचा.

फार गमतीदार बाई होती ती. “रुस, इथे मला कुणाला पोनियेम म्हणता येत नाही. पोनी म्हणतात. पोनी म्हणजे घोडा म्हणे! छोटा घोडा. म्हाताऱ्याला उचलायचं, खाली ठेवायचं, पुन्हा उचलायचं. मग काय, घोडा तर घोडा.” यावर रुस्मी इतकी हसे की तिला उचकी लागे, आणि कोपऱ्यात बू गुरूंचे पेन थांबे.

मग तिसरी कॅसेट आली. शेजारच्या घरी काम करणाऱ्या आमच्याच भागातल्या एका बाईने ती गॅलरीतून हातात घेतली होती. पोनियेमचा आवाज खाली बसला होता.

“रुस, म्हातारबाबा गेले. आता मॅडमकडेच काम आहे. माझं पोट थोडंसं दुखतंय गं. सव्वीस दिवस झाले. खाल्लेलं आत राहत नाही. मॅडम म्हणते, नाटकं आहेत. बाहेर जाताना दाराला कुलूप लावते. माझी कागदपत्रं तिच्याकडेच आहेत. थोडंसंच दुखतंय, म्बाहला सांगू नकोस, ती रडेल. पण तू इंग्रजी शिकतेस ना, रुस? मग सांग ना कुणाला तरी.”

आमच्याकडे अंगावर झाड पडले तरी माणूस ‘थोडंसं लागलं’ म्हणतो. रुस्मीला ते ठाऊक होते. त्या दिवशी ती हसली नाही, रडलीही नाही. तिने मला तीनदा मागे फिरवले आणि तीनदा ऐकले. मग म्हणाली, “बू गुरू, कुणाला सांगू?”

ज्या दलालाने पोनियेमला पाठवले होते, त्याच्याकडे ती दुसऱ्याच दिवशी जाऊन आली. येऊन सांगू लागली, “तो म्हणतो, माझं काम पोचवायचं होतं, मी पोचवलं. तिकडच्या कामगार कचेरीला लिही म्हणतो. आणि इंग्रजीत लिही, आपलं तिथे कुणाला वाचता येत नाही.”

“मग लिहू या की,” बू गुरू म्हणाल्या. “वर्गात पहिली येतेस ती उगाच?”

रुस्मीने पत्र लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले. मला ते अजून अक्षर न् अक्षर आठवते, कारण आठवण्यापलीकडे मला दुसरे काही येत नाही. ‘माझी आई म्हणाली की ती आजारी आहे. ती म्हणाली की ती जेवू शकत नाही. ती म्हणाली की आज दाराला कुलूप आहे. ती म्हणाली की आत्ता मदत हवी आहे.’ सगळे इंग्रजीत, आणि सगळीकडे ‘इज’, ‘कॅन’, ‘टुडे’, ‘नाऊ’. घाईत पोर नियम विसरली होती.

“अगं अगं,” बू गुरू मायेने म्हणाल्या, “परदेशी कचेरीत जाणार हे पत्र. अशा चुका पाहिल्या तर म्हणतील कुणा अडाण्याने लिहिलंय, आणि फेकून देतील. ‘सेड’ आहे ना पुढे? मग?”

“वॉज,” रुस्मी हळूच म्हणाली.

“आणि ‘नाऊ’चं?”

“देन.”

लाल पेन कागदावर फिरल्याचा आवाज मी ऐकला. तसा आवाज मी हजारदा ऐकला होता. मग रुस्मीने पत्र नव्याने उतरवले. ती आजारी होती. जेवू शकत नव्हती. त्या दिवशी दाराला कुलूप होते. तेव्हा मदत हवी होती. एकही चूक राहिली नाही. बू गुरूंनी तिची पाठ थोपटली.

मित्रांनो, मी तिथेच होतो. हातभर अंतरावर. माझ्या पोटात पोनियेम म्हणत होती, “दुखतंय.” पण माझे बटण मला दाबता येत नाही.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. टंकलेला, गुळगुळीत कागद असावा, कारण उलगडताना तो कुरकुरला नाही. रुस्मीने वाचले. कचेरीने लिहिले होते: आपली आई त्या काळात आजारी होती व त्या दिवशी दाराला कुलूप होते, याची नोंद घेतली आहे. ही बाब होऊन गेलेली असून सध्या काही तक्रार असल्याचे आपल्या पत्रावरून दिसत नाही. आपल्या आईची प्रकृती आता सुधारली असेल अशी आशा आहे. प्रकरण बंद करण्यात येत आहे.

रुस्मीने ते पुन्हा पहिल्यापासून वाचले.

“बू गुरू,” रुस्मी म्हणाली, “यांना वाटतंय की झालं ते. संपलं ते. पण माक अजून आजारी आहे ना? मी तर तेच लिहिलं होतं. आधी तेच लिहिलं होतं.”

बू गुरू उठल्या. त्यांनी व्याकरणाचे पुस्तक काढले आणि पाने उलटली. धड्याच्या शेवटी, बारीक अक्षरात, एक टीप होती. सांगितलेली गोष्ट सांगतेवेळीही खरी असेल, तर काळ बदलला नाही तरी चालतो. त्यांनी ती एकदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज फुटला. ही टीप परीक्षेला नसे. म्हणून वर्गात ती कधी शिकवलीच गेली नव्हती.

“मीच गं,” त्या म्हणाल्या. “माझ्या पेनाने. तुझं बरोबर होतं, आणि मी ते... माफ कर, बाळा.”

“तुम्ही कशाला रडता, बू गुरू? दुसरं लिहू या. लवकर लिहू या.”

दुसऱ्या पत्रात नियम नव्हता, व्याकरण नव्हते. ‘माय मदर इज सिक. नाऊ. टुडे. प्लीज ओपन द डोअर.’ एवढेच. सुगेंग ते पत्र घेऊन सायकलवर तालुक्याच्या पोस्टात गेला आणि वाटेत कुठेही थांबला नाही.

ते पत्र पोचले तेव्हा पोनियेमला जाऊन अकरा दिवस झाले होते. पहिल्या पत्राचे उत्तर टंकले जात होते तेव्हा ती जिवंत होती. हे मला गावच्या मुखियांच्या तोंडून कळले. शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून ते बू गुरूंना तारखा सांगत होते आणि बू गुरू त्यांना पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, “नक्की? तारीख नक्की हीच?”

पेटी आली. ती उघडू नका असे सांगितले होते, तरी आजी उघडा म्हणत राहिली. हे शाळेतल्या झाडूवालीने दुसऱ्या दिवशी सांगितले. मला त्याहून जास्त माहीत नाही, आणि नाही तेच बरे.

त्यानंतर बू गुरूंनी वर्गात मला लावले नाही. त्या धड्यापाशी आल्या की फळ्यावर दोन नियम लिहीत, मग टीप लिहीत, टीप मुलांकडून दहादा म्हणून घेत, आणि पुढच्या धड्याकडे जात. मुलांना वाटे, बाईंना बरे नाही.

रुस्मी मात्र दर शुक्रवारी येत राहिली. तिसरी कॅसेट ती कधीच लावत नसे. पहिली लावायची. आमच्याकडच्या सगळ्या आया करतात तशी पोनियेमने तिची सुरुवात एका प्रश्नाने केली होती: “रुस, जेवलीस का गं?” मग ती जरा थांबली होती, जणू उत्तर येणार आहे. त्या थांबलेल्या जागेत रुस्मी म्हणायची, “जेवले, माक.” दर शुक्रवारी. कधी कधी ती जेवलेली नसायची, ते मला तिच्या पोटाच्या आवाजावरून कळे, पण मी चुगली करणारा नव्हे.

मित्रांनो, माझा खरा अपराध मला आता सांगू द्या. मला कुणी पुसत नव्हते. टेप जिथून सरकते त्या माझ्या डोक्यावर तपकिरी मळ साचला होता, आतला रबरी पट्टा सैल पडला होता. मला ते जाणवत होते. पोनियेमचा आवाज दर आठवड्याला थोडा जाड, थोडा दूर होत गेला. आणि एका शुक्रवारी “रुस” एवढे म्हणून मी टेप गिळली. चर्रर्र आवाज झाला. बू गुरू धावत आल्या. त्यांनी पेन्सिलने, बोटांनी, देवाचे नाव घेत ती टेप ओढून काढली, पण ती चुरगळली होती आणि दोन जागी तुटली होती. पुन्हा लावली तेव्हा नुसती खरखर आली. जे ऐकले ते जसेच्या तसे परत द्यायचे, एवढे एकच मला येत होते. तेही मला जमले नाही.

बू गुरूंनी माझे बटण दाबून खरखर थांबवली. वीस वर्षांच्या सवयीने असेल, त्यांनी विचारले, “काय म्हणायची गं माक? सुरुवातीला?”

 रुस्मीने उत्तर दिले, आणि ते इंग्रजीत दिले.

“शी आस्क्ड मी इफ आय हॅड ईटन.”

एकही चूक नव्हती. ‘हॅव’चा ‘हॅड’ झाला होता, प्रश्न मोडून साधे वाक्य झाले होते, काळ नियमाप्रमाणे एक पायरी मागे गेला होता. पंधरा वर्षांच्या त्या पोरीने आईला पहिल्यांदाच आपणहून भूतकाळात ठेवले होते. बू गुरूंनी ‘बरोबर’ म्हटले नाही. त्यांनी तिला जवळ ओढले आणि दोघी माझ्यासमोर खाली फरशीवर बसून राहिल्या.

त्यानंतर मला कपाटात ठेवले. मी तक्रार करत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल, त्यात कुणाचा आवाज असेल, तर महिन्यातून एकदा ते कापसाने पुसा. फार वेळ लागत नाही. आणि कधी कुणी तुम्हाला ‘दुखतंय’ असे सांगितले, तर ते पुढे सांगताना त्याचे ‘दुखत होते’ करू नका. ते अजून दुखत असते.