सात नंबरची जोडी

बसमधली माणसं मोजायची माझी एक पद्धत आहे. बावीस वर्षांपूर्वी मीच बसवली, कोणाला विचारून नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक जोडीला एक नंबर द्यायचा. पुढे खुर्च्या बदलल्या तरी नंबर तोच. बस सुटायच्या आधी मी माईकवर नंबर पुकारते आणि वाटेच्या बाजूला बसलेल्याने खिडकीकडच्याकडे बघून सांगायचं, ‘आहे.’ स्वतःचं कोणी सांगायचं नाही, शेजारच्याचं सांगायचं. एवढं झालं की मी शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाते, स्वतःच्या डोळ्यांनी बघून येते, आणि मग ड्रायव्हरला म्हणते, चल. मी चल म्हटल्याशिवाय ती बस हलत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर मला तोंड राहणार नाही.

यंदाची ती टूर नऊ दिवसांची होती. किल्ले, राजवाडे, थडगी, पडक्या वेशी. चौतीस माणसं, सतरा जोड्या. सातव्या दिवसापर्यंत त्यातलं कोणी कोणाचं तोंड बघायला तयार नव्हतं. एकाला एसी हवा, त्याच्या मागच्याला नको. एक बाई दिवसभर संत्री सोलायच्या आणि सालं पुढच्या खुर्चीच्या जाळीत कोंबायच्या, ती जाळी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. दोन जावा घरून हसत निघाल्या होत्या, त्या तिसऱ्या दिवशी कशावरून तरी बिनसल्या आणि शेजारी बसूनही पाठीला पाठ लावून प्रवास करत होत्या. आमचा ड्रायव्हर, ज्याला सगळे सायलेन्सर म्हणतात कारण त्याचं तोंड कधीच बंद नसतं, तोही मला म्हणाला, “ताई, ही माणसं इतिहास बघायला आलीत की करायला?”

पण ह्या सगळ्यांना पुरून उरले ते सात नंबरवाले मास्तर.

निवृत्त माणूस, पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला. पहिल्याच किल्ल्यावर त्यांनी खिशातून एक लाल पुठ्ठ्याची वही काढली आणि माझ्या चुका लिहायला घेतल्या. नंबर घालून. मी म्हटलं तीनशे पायऱ्या, मास्तर चढून वर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “दोनशे सत्त्याऐंशी. चूक क्रमांक चार.” मी ज्याला राजा म्हटलं तो निघाला सरदार, चूक क्रमांक अकरा. आठव्या दिवसापर्यंत एक्केचाळीस झाल्या होत्या. माझं पित्त कशाने खवळायचं सांगू? त्यातल्या निम्म्या तरी खऱ्या होत्या. बावीस वर्षं तेच तेच बोलून मी बेफिकीर झाले होते, आणि ते मला ह्या माणसाने चारचौघांत दाखवून द्यावं, हे मला सहन होत नव्हतं.

त्यांच्या बायकोचा आवाज मी आठ दिवसांत चार वेळा ऐकला असेल. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या. मास्तर न बघता हात पुढे करायचे आणि बाई त्या हातात पाण्याची बाटली ठेवायच्या. पुन्हा हात, पुन्हा चष्म्याचं घर. पुन्हा हात, गोळी. त्यांचा स्वतःचा फोनसुद्धा मास्तरांच्या पिशवीत असायचा.

आता मला भीती कशाची होती तेही सांगते. टूर संपताना कंपनी अभिप्रायाची कार्डं वाटते. जोडीला एकच कार्ड, आणि खाली दोघांच्या सह्या. पूर्वी दोन कार्डं द्यायचे, तेव्हा नवरा लिहायचा उत्तम आणि बायको लिहायची टुकार, ऑफिसला काही कळायचं नाही. म्हणून एक. दोन सह्या नसतील तर ते कार्ड धरत नाहीत. माझ्या नावावर आधीच दोन तक्रारी होत्या, दोन्ही उद्धटपणाच्या, आणि दोन्ही बरोबर होत्या. नवीन मॅनेजरने टूरच्या आधी मला बोलावून सांगितलं होतं, तिसरी आली की बिल्ला टेबलावर ठेवायचा. मला दुसरं काही येत नाही. पन्नाशीत नवीन काही शिकायची माझी तयारीही नाही. आणि मास्तर रोज नाश्त्याला वही थोपटून म्हणत होते, “हे सगळं कार्डाला जोडणार आहे मी.”

आठव्या दिवशी सकाळी खुर्च्यांवरून जुंपली. आमच्याकडे रोज सगळे दोन रांगा मागे सरकतात, म्हणजे पुढची खुर्ची प्रत्येकाला मिळते. मास्तरांनी गुडघ्याचं कारण सांगून चार दिवस पुढची जागा सोडली नव्हती. त्या दिवशी बाकीच्यांनी हल्लाच केला. संत्रीवाल्या बाई म्हणाल्या, “गुडघा काय तुम्हालाच दिलाय का देवाने?” मी पण कडकपणे सांगितलं, “सर, आज तुम्ही मागे.” ते शेवटून दुसऱ्या रांगेत गेले. त्याच्या मागच्या रांगेत फक्त बॅगा होत्या. जाता जाता त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

दुपारी राजवाडा झाला. उन्हाने सगळ्यांची टाळकी तापलेली. मी दरवाजाच्या कमानीवरचं साल सांगितलं, ते चुकलं, आणि मास्तरांनी ते कमानीखाली उभं राहून वाचून दाखवलं. लोक हसले. आठ दिवस एकमेकांशी न बोलणारी माणसं त्या वेळी मात्र एका सुरात हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बसमध्ये चढले, माईक घेतला आणि नंबर पुकारायला लागले.

“सहा.”

“आहे.”

“सात.”

“आहे, आहे,” मागून मास्तरांचा आवाज आला. ते वहीत लिहीत असणार हे मला आवाजावरूनच कळलं.

सतरापर्यंत झालं. आता उठून मागे चालत जायचं. मी उठले, दोन पावलं टाकली आणि मास्तरांचं डोकं दिसलं, खाली वाकलेलं. आता ह्यांच्याजवळून जायचं, हे मान वर करणार आणि म्हणणार, चूक क्रमांक बेचाळीस. नको, म्हटलं, मरो. सगळ्यांनी आहे म्हटलंय ना. मी वळले आणि ड्रायव्हरला म्हणाले, चल.

बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पाऊण तास झाला असेल. पुढच्या संग्रहालयाची वेळ गाठायची म्हणून सायलेन्सर बस हाणत होता. मागून मास्तरांचा आवाज आला, “पाणी.” मग पुन्हा, जरा मोठ्याने, “अगं, पाणी.” मी आरशात बघितलं. त्यांचा हात न बघता बाजूला पसरलेला होता. हातात काही येत नव्हतं. शेवटी त्यांनी मान वळवली.

मी धावत मागे गेले. खिडकीकडची खुर्ची रिकामी. पलीकडच्या जावांपैकी एक खिडकीबाहेर तोंड करून होती, दुसरी डोळे मिटून. दोघींनाही पत्ता नव्हता.

“हिला सोडलंत तुम्ही,” मास्तर म्हणाले. बोट माझ्याकडे होतं. “जिवंत माणूस मागे सोडलंत.”

“तुम्ही आहे म्हणालात, सर.”

“मोजणं तुमचं काम आहे.”

बस वळवली. मग संग्रहालय बुडणार म्हणून बाकीचे उसळले. कोणी मला धारेवर धरलं, कोणी मास्तरांना. एक गृहस्थ तर म्हणाले, एका बाईसाठी तेहेतीस जणांनी का फिरायचं, रिक्षा करून येतील त्या. मी त्यांना म्हटलं, “तुमची बायको राहिली असती तर रिक्षाने आणली असती का?” त्यांची बायको शेजारीच होती. ती म्हणाली, “आणली असती हो, ह्यांनी.”

परत जाताना पूर्ण वेळ मी उभी होते. बाई कुठे पडल्या असतील, कोणी नेलं असेल, ऊन लागलं असेल, जवळ फोन नाही, पाणी नाही. बिल्ल्याचा विचार एकदाही आला नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. आला. दोनदा आला.

बाई तिकीट खिडकीजवळ चौकीदाराच्या खुर्चीवर बसल्या होत्या, हातात चहाचा पेला. चौकीदार पायरीवर बसून त्यांना आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगत होता. बस बघून बाईंनी सावकाश पेला संपवला, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि उठल्या. मी जवळ जाऊन हात धरला. “काकू, चुकलं माझं. कुठे होता तुम्ही?”

“राजवाड्याचं स्वयंपाकघर बघायला परत गेले होते. हे म्हणाले, त्यात कसला आलाय इतिहास, चल पुढे. मला बघायचं होतं.”

“आणि बस?”

“बस दिसली ना. मी गेटातच होते, तिचं दार लागत होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.”

“मग का नाही मारली?”

“मारणार होते. मग वाटलं, बघू तरी किती वेळ लागतो.” त्यांनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. “जाऊन येऊन एक तास बत्तीस मिनिटं. म्हणजे शेहेचाळीस मिनिटांनी कळलं. ह्यांना कसं कळलं?”

खोटं बोलावंसं वाटलं मला. पण त्या बाईंच्या तोंडाकडे बघून जमलं नाही. “पाणी मागितलं त्यांनी,” मी म्हणाले.

“आणि मोजताना?”

“आहे म्हणाले.”

बाईंनी मान हलवली आणि बसमध्ये चढल्या. मास्तर काही बोलायला गेले. बाईंनी पिशवीतून बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि खिडकीकडे तोंड केलं.

शेवटच्या दिवशी दुपारच्या जेवणाला मी कार्डं वाटली. सात नंबरच्या टेबलावरही ठेवलं. मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. लाल वही शेजारीच उघडी होती. “एक्केचाळीस चुका राहू देत,” ते मला म्हणाले, “मी फक्त कालची लिहिणार. तेवढी पुरे आहे.”

पुरे होतीच. मला माहीत होतं.

बाईंनी हात पुढे केला. मास्तरांनी त्या हाताकडे बघितलं, काय हवंय ते त्यांच्या लक्षात येईना. “पेन,” बाई म्हणाल्या. “मागे राहिले होते मी. मी लिहिते.”

त्यांनी कार्ड ओढून घेतलं आणि दोन ओळी लिहिल्या, शाळेतल्या मुलीसारख्या गोल अक्षरात. सही केली आणि कार्ड फिरवून मास्तरांपुढे ठेवलं. मी मागेच उभी होते, मला वाचता आलं. ‘गाईडबाईंनी मागेपर्यंत येऊन मोजायला हवं होतं, त्या आल्या नाहीत. शेजारी कोणी आहे का असं विचारल्यावर माझ्या नवऱ्याने न बघता आहे असं सांगितलं.’

मास्तरांनी वाचलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “दुसरी ओळ खोड.”

“चूक आहे का ती?”

“चूक म्हणजे… त्याचा इथे संबंध नाही.”

“चूक आहे का?”

शेजारच्या टेबलावर संत्रीवाल्या बाईंचा चमचा थांबला होता. एक सही, आणि माझी बावीस वर्षं संपणार होती. मास्तरांना नऊ दिवस हेच हवं होतं. पेन त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते कार्डावर टेकवलंही. मग टोपण लावलं, पेन खिशात घातलं आणि हात धुवायला उठून गेले.

माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी मला स्वतःची लाज वाटली. मी कार्ड उचललं. बाई म्हणाल्या, “एका सहीचं चालत नाही ना?”

“नाही.”

“तरी पहिली ओळ खरीच आहे हं.”

“माहीत आहे, काकू.”

“मग ठीक,” त्या म्हणाल्या. हसल्या वगैरे नाहीत.

तीन वाजता आम्ही शेवटचं निघालो. मी माईक घेतला. खुर्च्या सरकून मास्तरांना पुन्हा पुढची रांग मिळाली होती, पहिल्या दिवसापासून हवी होती ती. सहापर्यंत नंबर झाले.

“सात.”

आवाज आला नाही.

“सात,” मी पुन्हा म्हटलं.

मास्तरांनी वही मिटली आणि खिडकीकडे मान वळवली. खुर्चीवर त्यांची पिशवी होती. ते त्या पिशवीकडे बघत राहिले आणि सायलेन्सरसुद्धा गप्प बसला.

“नाही,” मास्तर म्हणाले.

मी पुढचे नंबर घेतले, सतरापर्यंत. मग माईक ठेवला आणि मागे चालत गेले, अगदी शेवटपर्यंत. बाई बॅगांच्या रांगेत एका कोपऱ्यात बसल्या होत्या, मांडीवर स्वतःचा फोन, शेजारी स्वतःची बाटली. मी त्यांना मोजलं, परत पुढे आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, चल.